एका स्पर्धेतून ग्रँडमास्टर : दिव्या देशमुखचा किताब, खेळ आणि घड्याळ

वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर असलेल्या आमच्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर मी दर रविवारी सकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला एक लाकडी पट आणि गुंडाळून ठेवता येणारे पाच-सहा प्लॅस्टिकचे पट एवढेच आमचे भांडवल आहे. पावसाळ्यात लाकडी पट दमट हवेने फुगतो, त्याच्या दोन फळ्या नीट मिटत नाहीत आणि चाली लिहायचे कागद इतके सादळतात की पेन्सिल उठत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 रोजी, म्हणजे श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्या रविवारी माडीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती आणि त्यात मुलांचे वडीलही होते. मासेमारीची सरकारी बंदी उठून तीन दिवस झाले असले, तरी नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात लोटायची नाही असे मानणारी मंडळी मोकळीच होती. त्यांपैकी एकाने मला विचारले, “सर, बाकीचे वर्सानवर्सा झिजतत, आणि ह्या चेडू एका म्हयन्यात ग्रँडमास्टर झाला कसा?”

प्रश्न वरवर भोळा वाटला तरी त्यात ग्रँडमास्टर हा किताब, त्यामागचे गुणांकन म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, बाद पद्धतीची स्पर्धा आणि खेळाडूची शैली या साऱ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्या दिवशी दिलेले उत्तर तुटक होते. ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात किताबापासून केली पाहिजे, कारण वृत्तपत्रे वाचून सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘महिला ग्रँडमास्टर’ आणि ‘ग्रँडमास्टर’ हे दोन वेगळे किताब आहेत. पहिला फक्त महिलांसाठी असून त्यासाठी 2300 गुणांकन लागते, तर दुसरा सर्वांसाठी एकच आहे आणि त्यासाठी 2500 लागते. दिव्या 2021 साली महिला ग्रँडमास्टर झाली आणि 2023 साली आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, जो किताब ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली आहे. त्यामुळे बातुमीनंतर ‘ती आधीच ग्रँडमास्टर होती ना?’ असे विचारणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही, नावांनीच तो घोळ घालून ठेवला आहे.

ग्रँडमास्टर होण्याची नेहमीची वाट दुहेरी असते. एकीकडे गुणांकन कधीतरी 2500 पर्यंत पोहोचले पाहिजे, आणि दुसरीकडे ‘नॉर्म’ मिळवले पाहिजेत. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीचा खेळ केल्याचा दाखला. त्यासाठी साधारणपणे किमान नऊ डाव खेळावे लागतात, त्या डावांतील कामगिरी 2600 गुणांच्या खेळाडूला शोभेल अशी असावी लागते, प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी गुणांकन 2380 च्या खाली चालत नाही आणि त्यांच्यात किमान तीन ग्रँडमास्टर असावे लागतात. असे दाखले मिळून 27 डाव भरले पाहिजेत, म्हणून बहुतेकांना तीन नॉर्म लागतात. हे वाचायला सोपे आहे, पण प्रत्यक्षात असे प्रतिस्पर्धी एका जागी मिळणाऱ्या स्पर्धा शोधत, बहुधा परदेशी, पदरचे पैसे खर्चून फिरावे लागते, आणि शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने नॉर्म हुकला की पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. किनारपट्टीवरच्या मुलाला आधी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, परदेश ही पुढची गोष्ट.

याशिवाय एक थेट दरवाजाही आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, काही मोजक्या स्पर्धांच्या विजेत्यांना थेट किताब देण्याचा नियम केला आहे आणि महिला विश्वचषक त्यांपैकी एक आहे. बातुमीला जाताना दिव्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. परत येताना ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर आणि कोनेरू हंपी, द्रोणवल्ली हरिका व आर. वैशाली यांच्यानंतरची चौथी भारतीय महिला ग्रँडमास्टर होती.

एका योगायोगाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. ग्रँडमास्टर हा किताब मिळवणारी जगातली पहिली महिला जॉर्जियाचीच होती. नोना गाप्रिंदाश्विली हिने 1977 साली अमेरिकेतील लोन पाइनच्या खुल्या स्पर्धेत पुरुष खेळाडूंबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला आणि 1978 साली तिला हा किताब दिला गेला. बातुमीही समुद्रकाठचे आणि धो-धो पावसाचे गाव आहे, फक्त तिथला समुद्र काळा.

आता ‘थेट’ या शब्दाला चिकटलेला संशय. एका महिन्याच्या स्पर्धेवर असा किताब देणे म्हणजे लॉटरी नव्हे काय, असे आमच्या माडीवरही कुणीतरी म्हणाले. त्यासाठी गुणांकन काय मोजते आणि काय मोजत नाही, हे पाहावे लागेल.

बुद्धिबळातील गुणांकनाची पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली आणि फिडेने ती 1970 साली स्वीकारली. तिचा गाभा असा की दोन खेळाडूंच्या गुणांमधील फरकावरून त्यांच्यातल्या डावाचा निकाल सरासरीने काय लागेल याचा अंदाज करता येतो. विजयाचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा गुण धरला, तर समान गुणांकनाच्या खेळाडूंना प्रत्येकी 0.50 अपेक्षित असतो. फरक 200 चा असेल तर वरच्या खेळाडूला 0.76 आणि 400 चा असेल तर 0.92 अपेक्षित असतो. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले की गुणांकन वाढते, कमी मिळवले की घटते. किती वाढते हे एका गुणकावर ठरते. नव्या खेळाडूला तो 40 असतो, पुढे 20 होतो आणि एकदा 2400 ओलांडले की कायमचा 10. नव्या होडीला वारा लगेच हलवतो आणि भरलेल्या गलबताला हळूहळू, तसेच हे आहे.

हे गणित मी त्या दिवशी फळ्यावर करून दाखवले. अंतिम लढतीत हंपीचे गुणांकन दिव्यापेक्षा सुमारे 80 ने जास्त होते. एवढ्या फरकाला हंपीकडून 0.61 आणि दिव्याकडून 0.39 गुणांची अपेक्षा असते. दोघींमधले पारंपरिक पद्धतीचे, म्हणजे भरपूर वेळ देणारे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले, म्हणजे दिव्याला प्रत्येक डावात 0.39 ऐवजी 0.50 मिळाले. फरक 0.11, गुणक 10, म्हणून डावामागे 1.1 गुणांची वाढ आणि दोन डावांची मिळून 2.2. ज्या लढतीने तिला विश्वचषक, 50 हजार डॉलर आणि आयुष्यभराचा किताब दिला, तिने तिच्या पारंपरिक गुणांकनात जेमतेम दोन गुणांची भर घातली. विजय ज्या जलद डावांत मिळाला, त्यांचे गुणांकन वेगळे ठेवले जाते. ही आकडेमोड पाहून होडीवाल्या गृहस्थांनी “इतक्याच?” असे विचारले आणि मला वाटते, त्यांना मुद्दा समजला होता. गुणांकन वर्षानुवर्षांच्या सरासरी खेळाचे माप आहे. समोरची बलाढ्य प्रतिस्पर्धी आज हरली नाही तर उद्या आपण घरी जाणार आहोत, अशा वेळी खेळाडू काय करतो याचे माप त्यात येत नाही. ते बाद पद्धतीत येते.

महिला विश्वचषकात 107 खेळाडू होत्या. वरच्या 21 मानांकितांना पहिल्या फेरीतून सूट होती, उरलेल्या 86 जणींतून 43 पुढे आल्या आणि दुसऱ्या फेरीला 64 चे नेमके कोष्टक तयार झाले. दिव्याला पंधरावे मानांकन होते. प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी पारंपरिक पद्धतीचे दोन डाव खेळायचे, एकदा पांढरे आणि एकदा काळे मोहरे घेऊन. बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक. टायब्रेकमध्ये आधी प्रत्येकी 15 मिनिटांचे दोन डाव, ज्यात प्रत्येक चालीला 10 सेकंदांची भर पडते. तिथेही कोंडी फुटली नाही तर 10 मिनिटांचे दोन, मग पाच मिनिटांचे दोन आणि सरतेशेवटी तीन मिनिटांचे डाव.

दिव्याची वाट सोपी नव्हती. चौथ्या फेरीत दुसरी मानांकित चीनची झू जिनेर, उपांत्यपूर्व फेरीत हरिका, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती आणि तिसरी मानांकित तान झोंगयी, आणि अंतिम फेरीत चौथी मानांकित हंपी. झू, हरिका आणि हंपी या तिघींना तिने टायब्रेकमध्ये हरवले. लॉटरी एकदा लागते. एका महिन्यात चार वेळा लागली, तर तिकीट घेणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे असे म्हणावे लागेल.

ते काय आहे, याकडे वळण्यापूर्वी तिची मागची वाटचाल थोडक्यात सांगतो. 9 डिसेंबर 2005 रोजी नागपुरात डॉक्टर दांपत्याच्या घरी तिचा जन्म झाला. मोठी बहीण बॅडमिंटनला जात असे, आणि तिच्याबरोबर जाणारी चिमुरडी दिव्या पटाकडे वळली. नागपूरचे राहुल जोशी हे तिचे सुरुवातीचे प्रशिक्षक. ते 2020 साली अकाली गेले. पुढे तिने श्रीनाथ नारायणन यांच्याकडेही धडे घेतले. दहा आणि बारा वर्षांखालील गटांत ती जगज्जेती होती, 2022 साली राष्ट्रीय महिला विजेती झाली, 2023 साली आशियाई विजेती आणि 2024 साली गांधीनगरला 11 पैकी 10 गुण मिळवून वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिलांनी प्रथमच सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावर दिव्याने एकही डाव न गमावता 11 पैकी साडेनऊ गुण घेत वैयक्तिक सुवर्णही मिळवले.

मराठी मुलींचे बुद्धिबळ दिव्यापासून सुरू झालेले नाही, हेही येथेच नोंदवलेले बरे. 1974 साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली होती आणि पुढची कित्येक वर्षे ते विजेतेपद तिन्ही खाडिलकर बहिणींनी व नंतर भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी गाजवले.

आता शैली. वर्तमानपत्रे दिव्याला ‘आक्रमक’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण त्यातून मुलांना काही शिकवता येत नाही, कारण ‘आक्रमक खेळा’ म्हटले की आमची मुले तिसऱ्या चालीला वजीर बाहेर काढतात आणि आठव्या चालीला तो गमावतात. म्हणून मी त्यांना एक साधी जागा मांडून दाखवतो. पांढऱ्याचे प्यादे ई-4 वर आणि काळ्याचे डी-5 वर, ही पटाच्या मधल्या घरांची नावे. दोन्ही प्यादी एकमेकांना तिरकी समोर आली आहेत आणि कोणतेही दुसऱ्याला मारू शकते. बहुतेक मुले त्या क्षणी मारून मोकळी होतात. का मारलेस असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते, “नाहीतर त्यांना मारला असता,” म्हणजे नाहीतर समोरच्याने मारले असते.

या अवस्थेला खेळाडू ‘ताण’ म्हणतात. ताण ठेवला की प्रत्येक चालीला पांढऱ्यासमोर तीन वाटा असतात. मारणे, प्यादे पुढे ढकलणे किंवा तसेच ठेवून दुसरा मोहरा हलवणे. काळ्यालाही दर चालीला त्या तिन्ही वाटा तपासाव्या लागतात. पटावर असे दोन ताण एकाच वेळी असले की वाटा तिपटीच्या तिपटीने वाढतात आणि हिशेब डोक्यात मावेनासा होतो. प्यादी मारून टाकली की सगळे मोकळे होते, हिशेब सोपा होतो आणि चुकण्याची शक्यताही घटते, दोघांचीही. म्हणजे गुंता ठेवायचा की सोडवायचा हा निर्णय खरे तर ‘आपल्या दोघांत हिशेब कोणाला जास्त झेपतो?’ या प्रश्नाचे उत्तर असते. माझ्या मते दिव्याच्या आक्रमकतेचा अर्थ एवढाच आणि नेमका हाच आहे. ती गुंता लवकर सोडवत नाही. समोरच्या राजावर चाल करून जाणे, मोहऱ्याचा बळी देणे, हे त्याचे डोळ्यांना दिसणारे परिणाम आहेत.

या वृत्तीची किंमतही असते आणि ती घड्याळाने मोजावी लागते. गुंत्यात प्रत्येक चालीला वेळ लागतो. पारंपरिक डावात पहिल्या 40 चालींसाठी 90 मिनिटे, त्यापुढे 30 मिनिटे आणि प्रत्येक चालीला 30 सेकंदांची भर असते, त्यामुळे गुंता सोसवतो. जलद डावाचा हिशेब पाहा. 15 मिनिटे हाताशी आणि चालीला 10 सेकंदांची भर, तर 60 चालींच्या डावात एका खेळाडूला एकूण 25 मिनिटे मिळतात. पण सुरुवातीची 15 मिनिटे पहिल्या 30-35 चालींतच खर्ची पडतात. त्यानंतर खेळाडू केवळ मिळणाऱ्या 10 सेकंदांवर जगत असतो, रोज मजुरी मिळाली तर रोज चूल पेटावी तसा.

ते 10 सेकंद किती असतात हे कळावे म्हणून त्या रविवारी मी इलेक्ट्रॉनिक घड्याळ लावून दोन मुलांना बसवले. त्या होडीवाल्या गृहस्थांचा बारा वर्षांचा मुलगा त्यांपैकी एक होता. त्याच्याकडे एक प्यादे जास्त होते आणि डाव जिंकलेला होता. घड्याळात नऊ सेकंद असताना त्याचा हात घोड्यावर गेला. मोहऱ्याला शिवले की तोच हलवावा लागतो, हे त्याला ठाऊक होते, म्हणून हात बोटभर वर थांबला. सात. त्याने हत्तीकडे पाहिले. पाच. बाहेर पावसाची सर कौलांवर आली तेव्हा त्याने एकदा मान वळवली. तीन. मग त्याने घोडाच हलवला आणि घड्याळाची कळ दाबली. आपला हत्ती उंटाच्या तिरक्या रेषेत उघडा पडला आहे हे त्याला कळ दाबल्यावर दिसले. चूक त्याला न येणाऱ्या गोष्टीची नव्हती. एरवी तो ती चाल सहज टाळतो.

दिव्याच्या मोठ्या विजयांची यादी या नजरेने वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. 2023 साली कोलकात्यात टाटा स्टील जलद स्पर्धेत वैशालीच्या जागी तिला ऐनवेळी बोलावले गेले, ती सर्वांत खालच्या गुणांकनाची खेळाडू होती, आणि तीच जिंकली. जून 2025 मध्ये लंडनच्या सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने चीनच्या हू यिफानला हरवले, जी माजी जगज्जेती असून गेली अनेक वर्षे महिलांमध्ये सर्वाधिक गुणांकन राखून आहे. पुढच्या महिन्यात बातुमीचे तीन टायब्रेक. गुंता सोसण्याची सवय ज्याला आहे, त्याला घड्याळ कमी झाल्यावर फारसे काही बदलल्यासारखे वाटत नाही. ज्याला डाव नीटनेटका ठेवायला आवडतो, त्याची मात्र त्रेधा उडते. पारंपरिक डावातही तिचा चिवटपणा कमी नाही. तान झोंगयीविरुद्ध उपांत्य फेरीतला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला दुसरा डाव तिने 101 चालींनंतर जिंकला, आणि चालींचा आकडा शंभरावर जातो तेव्हा पटावर मोहरे थोडे आणि अंगात त्राण त्याहून थोडे उरलेले असते.

अंतिम लढतीतल्या हंपीची ओळख करून दिल्याशिवाय तिथल्या ताणाची कल्पना येणार नाही. आंध्र प्रदेशातील हंपी 2002 साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, म्हणजे दिव्याचा जन्म व्हायला अजून तीन वर्षे बाकी होती. जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद तिने 2019 आणि 2024 असे दोनदा मिळवले आहे. म्हणजे टायब्रेक हे दिव्याचे अंगण असेल, तर हंपीचेही ते परके घर नव्हते. पहिल्या पारंपरिक डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याला चांगली संधी आली होती, ती तिने दवडली. दुसरा डाव बरोबरीत गेला. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळे मोहरे होते. पहिली चाल पांढऱ्याची असल्यामुळे काळ्याला थोडे मागूनच धावावे लागते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. घड्याळात मोजके सेकंद उरले असताना हंपीची चूक झाली आणि दिव्याची बाजू वरचढ झाली. पुढे दिव्यानेही ती सरशी एकदा हातची जाऊ दिली. नंतर हंपीची पुन्हा चूक झाली आणि त्यातून ती सावरली नाही. हा डाव कोणी सौंदर्याचा नमुना म्हणून छापणार नाही. दोघी थकलेल्या होत्या, दोघी चुकल्या आणि शेवटची चूक जिच्याकडून झाली ती हरली. जलद बुद्धिबळाचे बहुतेक निकाल असेच लागतात, फक्त त्यांच्या शेवटी विश्वचषक नसतो.

जिंकल्यानंतर दिव्याला रडू आवरले नाही आणि ती आईच्या कुशीत शिरली, ते दृश्य सर्वांनी पाहिले. मला त्यानंतरचे तिचे बोलणे जास्त महत्त्वाचे वाटले. शेवटच्या टप्प्यात आपण घोळ घातला आणि डावाचा अंतिम टप्पा आपल्याला नीट शिकायला हवा, असे तिने स्वतःच सांगितले. मोहरे कमी झाल्यावर गुंता उरत नाही, तिथे नेमके ज्ञान लागते. कोणत्या चौकटीत राजा उभा राहिला की प्यादे वजीर होते आणि कोणत्या चौकटीत तो एक घर मागे राहिला की बरोबरी होते, हे तिथे पाठच असावे लागते. गुंत्यावर जगणाऱ्या खेळाडूंची दुखरी नस बहुधा हीच असते. आमच्या गावातले देशी चालीचे जुने खेळाडू या बाबतीत गमतीशीर आहेत. त्यांच्या पद्धतीत प्यादे सुरुवातीलाही एकच घर चालते, किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल, नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, आणि शेवटी प्याद्याने मात करण्याला सर्वांत मोठा मान. त्या मानापायी ते आख्खी सकाळ अंतिम टप्प्यात घालवतात.

महिला खेळाडूला पटाबाहेरही काही सोसावे लागते. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील स्पर्धेनंतर दिव्याने समाजमाध्यमावर लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी तिचे कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करत होते. ती तेव्हा 18 वर्षांची होती. माडीवर येणाऱ्या चार मुलींना मी ते वाचून दाखवले. त्यांना त्यात नवल वाटले नाही, हेच मला जास्त खटकले.

विश्वचषकाने तिला 2026 च्या महिला आव्हानवीर स्पर्धेतही, म्हणजे जगज्जेतीला आव्हान देणारी खेळाडू ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा मिळवून दिली. पण त्याआधी ती आमच्या शेजारी येऊन गेली. पुरुष-महिला भेद नसलेला विश्वचषक 2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात झाला. पत्रादेवीचा नाका ओलांडला की आमच्यासाठी गोवा म्हणजे पुढचा तालुकाच. तिथल्या 206 खेळाडूंमध्ये दिव्या ही एकटी महिला होती. पहिल्याच फेरीत ग्रीसचा ग्रँडमास्टर स्टॅमाटिस कूर्कूलोस-आर्डिटिस याच्याकडून तिने दोन्ही डाव गमावले आणि तिचा विश्वचषक टायब्रेक न होताच संपला. बाद पद्धत दोन्ही बाजूंनी कापते. बातुमीत तिने एकेक करून वरच्या मानांकितांना घरी पाठवले, गोव्यात दोन दिवसांत तिला निघावे लागले. नियम तेच होते.

त्यानंतरच्या रविवारी ते होडीवाले गृहस्थ पुन्हा माडीवर आले. मासेमारीचा हंगाम भरात होता, त्यामुळे ते घाईत होते आणि उंबऱ्यातूनच बोलत होते. “सर, हरला ता. आता ता ग्रँडमास्टरपण काढून घेतत काय?” मी सांगितले की किताब आयुष्यभराचा असतो, तो हरल्याने जात नाही. गुणांकन मात्र प्रत्येक डावाला बदलते आणि दोन पराभवांनी तिचे थोडे घटले असणार, गुणक 10 असल्यामुळे फार नाही. “म्हणजे लायसन रवला, वजन तेवढा कमी झाला,” असे म्हणून ते मुलाच्या पटाकडे वळले. मुलाकडे 40 सेकंद होते, प्यादे एक जास्त होते आणि या वेळी तो घड्याळाकडे न पाहता उंटाची तिरकी रेषा बोटाने हवेत मोजत होता.